पूर्ण वर्तमानकाळ आणि पूर्ण न झालेली क्रिया

इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला 'पूर्ण वर्तमानकाळ' ही संज्ञा ज्या दिवशी प्रथम भेटते, त्याच दिवशी तिच्यातील विसंगती त्याला खटकावयास हवी. जे पूर्ण झाले ते भूतकाळात जमा झाले. मग त्याला वर्तमान कसे म्हणावयाचे? आणि जे वर्तमानात चालू आहे, ते पूर्ण कसे? बहुतेक विद्यार्थी हा प्रश्न विचारीत नाहीत. 'हॅव' अथवा 'हॅज' यांच्यापुढे क्रियापदाचे तिसरे रूप ठेवावयाचे, आणि मराठीत 'केले आहे', 'गेला आहे' असा अर्थ करावयाचा, एवढ्यावर त्यांचे समाधान होते. परंतु एखाद्या दिवशी त्यांच्यासमोर पुढील दोन वाक्ये येतात. 'आय हॅव रेड द बुक' आणि 'आय हॅव लिव्ह्ड इन डेल्ही फॉर टेन यिअर्स.' पहिल्या वाक्यातील पुस्तक वाचून संपले आहे. दुसऱ्या वाक्यातील मनुष्य मात्र बहुधा अजूनही दिल्लीतच राहत आहे. रूप एकच, आणि एका ठिकाणी क्रिया संपलेली, तर दुसऱ्या ठिकाणी चालू! मग हा काळ क्रिया संपल्याचे सांगतो की नाही?

या प्रश्नातील गोंधळाचा पुष्कळसा दोष नावाकडे जातो. इंग्रजीतील 'पर्फेक्ट' हा शब्द येथे 'निर्दोष' या अर्थाने आलेला नाही. तो लॅटिन भाषेतील 'पूर्णत्वास नेणे' या अर्थाच्या धातूपासून आला आहे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात व्हॅरो या रोमन पंडिताने लॅटिन क्रियारूपांचे दोन वर्ग कल्पिले होते : क्रिया अपुरी असल्याचे दाखविणारी रूपे आणि पुरी झाल्याचे दाखविणारी रूपे. लॅटिनच्या बाबतीत ही विभागणी बरीच सयुक्तिक होती. इसवी सनापूर्वी 63 साली कटाच्या आरोपावरून पकडलेल्या काही रोमनांना देहान्त शासन झाल्यावर सिसेरोने जमावाला ती वार्ता एकाच शब्दात सांगितली, असे प्लूटार्कने नोंदविले आहे. तो शब्द होता 'जगणे' या क्रियापदाचे पूर्णवाचक रूप. 'ते जगले', म्हणजेच त्यांचे जगून झाले, ते आता नाहीत. मृत्यूचे अशुभ नाव न घेता मृत्यू सांगण्याची ही रीत पूर्णवाचक रूपाच्या बळावरच शक्य झाली.

पुढे युरोपातील देशी भाषांची व्याकरणे लिहिली जाऊ लागली, तेव्हा त्यांच्या कर्त्यांनी लॅटिनमधील नावे उचलून आपापल्या भाषांतील रूपांना चिकटविली. इंग्रजीतील 'हॅव'युक्त रूपाला 'पर्फेक्ट' हे नाव मिळाले ते असे, आणि त्याचेच भाषांतर 'पूर्ण' या रूपाने आपल्या शालेय पुस्तकांत आले. नाव दोनदा परके झाले. मराठी व्याकरणकारांनी आपल्या रूपांना प्रत्ययांवरून 'ताख्यात', 'लाख्यात' अशी नावे दिली. ती कानाला रुक्ष वाटतात खरी, पण अर्थाविषयी कोणतेही खोटे आश्वासन देत नाहीत, हा त्यांचा मोठाच गुण होय.

इंग्रजी रूपाचा मूळ अर्थ त्याच्या घडणीत शोधला तर तो अधिक स्पष्ट होतो. 'हॅव' म्हणजे जवळ असणे, बाळगणे. प्राचीन इंग्रजीत 'माझ्याजवळ पत्र लिहिलेल्या अवस्थेत आहे' अशा धर्तीची वाक्यरचना होती, आणि तीत 'लिहिलेले' हे धातुसाधित कर्माचे विशेषण असल्यामुळे कर्माप्रमाणे बदलतही असे. कालांतराने हे विशेषण कर्मापासून सुटून 'हॅव'शी जोडले गेले आणि दोहोंचे मिळून एक क्रियारूप बनले. गतिवाचक क्रियापदांबरोबर 'हॅव'ऐवजी 'असणे' या अर्थाचे क्रियापद येत असे. 'ही इज गॉन' या आजच्या प्रयोगात त्याचा अवशेष उरला आहे. म्हणजे आरंभापासून या रूपाने बोलणाऱ्याच्या हाती आज काय आहे, ते सांगितले. क्रियेची समाप्ती हा त्याचा गाभा नव्हता. आजची स्थिती हा गाभा होता, आणि ती स्थिती कोणत्या तरी पूर्वीच्या क्रियेमुळे आलेली असे, इतकेच.

हान्स रायशेनबाख या तत्त्वज्ञाने 1947 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात काळांची एक सुटसुटीत मांडणी केली आहे. प्रत्येक वाक्यात तीन बिंदू मानावेत, असे तो म्हणतो : बोलण्याचा क्षण, घटनेचा क्षण, आणि ज्या ठिकाणी उभे राहून आपण घटनेकडे पाहतो तो संदर्भाचा क्षण. साध्या भूतकाळात घटना आणि संदर्भ हे दोन्ही बिंदू मागे पडलेले असतात. वक्ता मनाने मागे जाऊन घटनेपाशी उभा राहतो. पूर्ण वर्तमानकाळात घटना मागे असते, पण संदर्भाचा बिंदू बोलण्याच्या क्षणाशी एकरूप असतो. वक्ता आजच्या उंबरठ्यावरून मागे वळून पाहतो. म्हणूनच 'आय हॅव सीन हिम यस्टरडे' हे प्रमाण इंग्रजीत चालत नाही. 'यस्टरडे' हा शब्द वक्त्याला कालच्या दिवसात नेऊन उभा करतो आणि 'हॅव' त्याला आज धरून ठेवतो. उलट 'टुडे', 'धिस वीक', 'सो फार' हे शब्द या काळाबरोबर सुखाने नांदतात, कारण त्यांनी दर्शविलेला अवधी अजून संपलेला नसतो. अवधी संपलेला नसणे ही एक गोष्ट आणि क्रिया संपलेली नसणे ही दुसरी, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे. आज सकाळी मी त्याला पाहिले; पाहणे संपले, सकाळ संपलेली नाही. पुष्कळ शिक्षक या दोन गोष्टींची गल्लत करतात आणि तेथूनच विद्यार्थ्याच्या अडचणींना सुरुवात होते.

वर्तमानाशी असलेले हे नाते किती घट्ट आहे, हे दाखविणारे एक उदाहरण भाषाशास्त्रात गाजलेले आहे. 'आइन्स्टाइन हॅज व्हिजिटेड प्रिन्स्टन' हे वाक्य आज उच्चारले, तर इंग्रजी मातृभाषा असलेल्या श्रोत्याला ते विचित्र वाटते. आइन्स्टाइनचा मृत्यू 1955 साली झाला. ज्याला आज नाही, त्याच्या नावावर आजची कोणती अनुभवाची शिदोरी जमा करावयाची? हेच वाक्य कर्मणी करून प्रिन्स्टन या गावाविषयी बोलले, तर ते बरेचसे खपून जाते. गाव अद्याप आहे. आणि 'आइन्स्टाइनने आपल्याला अवकाश व काळ यांच्याविषयी नव्याने विचार करावयास शिकविले आहे' अशा अर्थाच्या वाक्यात तर काहीच अडचण येत नाही, कारण शिकणारे आपण अजून हयात आहोत.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. क्रिया संपली की नाही, हे जर 'हॅव' सांगत नसेल, तर ते कोण सांगते? उत्तराचा मोठा भाग क्रियापदाच्या स्वभावात आहे. झेनो व्हेंडलर यांनी 1957 साली लिहिलेल्या एका निबंधात क्रियापदांचे चार वर्ग केले. काही क्रियापदे स्थिती दाखवितात, जसे माहीत असणे, प्रेम असणे. काही निव्वळ व्यापार दाखवितात : धावणे, गाडी ढकलणे. काहींना स्वतःचा असा एक शेवट असतो, आणि तो गाठेपर्यंत क्रिया झाली असे म्हणता येत नाही : वर्तुळ काढणे, पत्र लिहिणे. आणि काही एका क्षणात उरकतात : शिखर गाठणे, ओळखणे. ज्या क्रियेला स्वतःचा शेवट आहे, ती पूर्ण वर्तमानकाळात घातली की तो शेवट गाठला गेला, असाच अर्थ निघतो. 'शी हॅज रिटन द लेटर' असे म्हटल्यावर पत्राचा अर्धा भाग राहिला आहे, असे म्हणता येणार नाही. ज्या स्थितीला असा अंगभूत शेवट नाही, ती मात्र आजपर्यंत पसरू शकते.

पसरू शकते, पसरतेच असे नाही. 'आय हॅव लिव्ह्ड इन डेल्ही' एवढेच वाक्य घेतले, तर अर्थ होतो : दिल्लीत राहण्याचा अनुभव माझ्या गाठीशी आहे. बोलणारा आज बहुधा अन्यत्र राहतो. त्यास 'फॉर टेन यिअर्स' जोडले, की राहणे चालू असल्याचा अर्थ प्रबळ होतो. तरीही आयुष्यात केव्हा तरी दहा वर्षे राहिलो, हा दुसरा अर्थ सर्वथा नाहीसा होत नाही. हीच कालमर्यादा वाक्याच्या आरंभी आणून 'फॉर टेन यिअर्स आय हॅव लिव्ह्ड इन डेल्ही' असे म्हटले, म्हणजे मात्र तो दुसरा अर्थ मावळतो. 'सिन्स' या शब्दाने आजपर्यंतचा अवधी निश्चित होतो. त्याच्यासह 'राहणे' आले तर ते अखंड आजपर्यंत येते. पण त्याच्यासह 'पुस्तक वाचणे' आले, तर त्या अवधीत एकदा वाचून झाले, एवढाच अर्थ निघू शकतो. बर्नार्ड कॉम्री यांनी 1976 च्या आपल्या पुस्तकात या काळाचे चार उपयोग सांगितले आहेत : आजही टिकून असलेला परिणाम, आयुष्यातील अनुभव, चालत आलेली स्थिती, आणि नुकतीच घडलेली घटना. या चारांपैकी चालत आलेल्या स्थितीच्या उपयोगात क्रिया खात्रीने संपलेली नसते. उरलेल्या तिहींत ती सामान्यतः संपलेली असते.

चालू पूर्ण वर्तमानकाळ, म्हणजे 'हॅव बीन' यांच्यापुढे 'इंग' प्रत्ययाचे रूप, हा तरी निःसंदिग्ध असेल, असे वाटणे साहजिक आहे. तसेही नाही. 'आय हॅव बीन रीडिंग द बुक' याचा अर्थ पुस्तक पुरे झाल्याची खात्री देता येत नाही, इतकाच. हाताला रंग लागलेला मनुष्य दार उघडून 'आय हॅव बीन पेंटिंग' असे म्हणतो, तेव्हा कुंचला त्याने खाली ठेवलेला असतो. क्रिया थांबली आहे. तिच्या खुणा ताज्या आहेत. 'गॉन' आणि 'बीन' यांची जोडीही अशीच उद्बोधक आहे. 'ही हॅज गॉन टु कलकत्ता' म्हणजे तो गेला आणि अद्याप परतला नाही. 'ही हॅज बीन टु कलकत्ता' म्हणजे जाऊन आला. पहिल्या वाक्यात जाण्याची क्रिया संपली असून तिच्यामुळे झालेली अनुपस्थिती चालू आहे. दुसऱ्यात सारेच संपून अनुभव तेवढा उरला आहे.

मराठीभाषकांच्या बाबतीत या विषयाला आणखी एक पीळ पडलेला आहे. 'तो झोपला आहे' या वाक्याचे रूप पूर्ण वर्तमानकाळाचे. अर्थ मात्र असा, की तो या क्षणी झोपेत आहे, गडबड करू नका. त्याचे शब्दशः इंग्रजी 'ही हॅज स्लेप्ट' असे केले, तर अर्थ नेमका उलटा होतो : त्याची झोप झाली. 'ती पैठणी नेसली आहे', 'आजोबा ओटीवर बसले आहेत', 'मुले रांगेत उभी राहिली आहेत' या सर्व वाक्यांची हीच गत. याचे कारण असे, की बसणे, झोपणे, नेसणे ही मराठी क्रियापदे प्रामुख्याने त्या स्थितीत प्रवेश करण्याची क्रिया दाखवितात. प्रवेश पूर्ण झाला, म्हणजे स्थिती सुरू झाली. इंग्रजीतील 'स्लीप' आणि 'वेअर' ही क्रियापदे खुद्द स्थितीचाच निर्देश करतात. ती पूर्ण झाली, म्हणजे स्थिती संपली. शिवाय मराठीत 'हॅव'सारखे स्वामित्ववाचक क्रियापद नाही. आपले पूर्ण वर्तमान 'असणे' या क्रियापदावर उभे आहे, आणि 'मी पत्र लिहिले आहे' या वाक्यात क्रियापद आजही कर्माचे लिंगवचन पाळते. त्यामुळे 'आहे'मधून व्यक्त होणारी स्थिती मराठी कानाला इंग्रजीपेक्षा अधिक ठसठशीत ऐकू येते.

उलटपक्षी, जेथे इंग्रज पूर्ण वर्तमानकाळ वापरतो, तेथे आपल्या भाषा सरळ साधा वा चालू वर्तमानकाळ वापरतात. 'मी दहा वर्षांपासून पुण्यात राहतो.' हिंदीतही हीच रीत आहे. 'आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर सिन्स टेन यिअर्स' हे भारतभर ऐकू येणारे इंग्रजी वाक्य याच सवयीतून जन्मले आहे. त्यास चूक म्हणून तांबड्या शाईने खोडणे सोपे आहे. पण बोलणाऱ्याच्या मनातील तर्क निर्दोष आहे, हे खोडणाऱ्याने मान्य करावयास हवे. राहणे जर चालू आहे, तर त्यासाठी 'पूर्ण' नावाचा काळ त्याने का वापरावा? आपल्याकडे आणखीही एक रीत आहे : 'मला येथे येऊन दहा वर्षे झाली.' यात पूर्णत्व वर्षांच्या मोजणीला लावले आहे. येणे कधीचेच झाले, वर्षे भरली, आणि राहण्याविषयी एक शब्दही न उच्चारता ते चालू असल्याचे सांगितले गेले. 'ही हॅज बीन डेड टेन यिअर्स' हे वाक्य भाषांतरकारापुढे आले, म्हणजे 'तो दहा वर्षे मृत आहे' असे लिहिण्याचा मोह टाळून 'त्याला जाऊन दहा वर्षे झाली' असेच लिहावे लागते.

हा सारा प्रकार पंडितांच्या वादापुरता राहिला असता, तर सामान्य वाचकाला त्याच्याशी फारसे कर्तव्य नव्हते. पण आपल्या देशातील कायद्यांची मूळ भाषा पुष्कळ अंशी इंग्रजी आहे आणि त्यांत हा काळ जागोजागी येतो. 1947 च्या मुंबई हिंदू घटस्फोट अधिनियमात, प्रतिवादीने वादीचा सलग चार वर्षे परित्याग केला असल्यास घटस्फोट मागता येईल, अशी तरतूद होती, आणि तीत क्रियापद होते 'हॅज डिझर्टेड'. आता समजा, पत्नी चार वर्षे दूर राहिली आणि नंतर, पतीने दावा लावण्यापूर्वीच, परत येऊन नांदण्याची तयारी तिने प्रामाणिकपणे दाखविली. चार वर्षे भरलेली आहेत. क्रिया संपली असे मानले, तर पतीचा हक्क पक्का झाला. क्रिया दाव्याच्या दिवसापर्यंत चालू असली पाहिजे असे मानले, तर तो हक्क नाहीसा होतो. एका संसाराचे भवितव्य या दोन अर्थांमध्ये लोंबकळत राहते.

सर्वोच्च न्यायालयाने 1956 साली या अधिनियमाखालील एका प्रकरणात निर्णय देताना परित्याग हा सतत चालू राहणारा अपराध असल्याचे म्हटले. विहित मुदत संपल्यानंतरसुद्धा, जोपर्यंत दावा दाखल झालेला नाही, तोपर्यंत परित्याग करणाऱ्या जोडीदाराने परत येण्याची प्रामाणिक तयारी दाखविली तर परित्याग संपुष्टात येतो, असे तत्त्व न्यायालयाने सांगितले. युक्तिवाद परित्यागाच्या स्वरूपावर आधारलेला होता. परंतु आपण वर पाहिलेल्या गोष्टीशी तो किती जुळतो, हे सहज दिसेल. क्रियापदाचा स्वभाव स्थितीचा, सोबत अवधी दिलेला, आणि काळ पूर्ण वर्तमान. तेव्हा स्थिती आजपर्यंत पोहोचलीच पाहिजे. 1955 च्या हिंदू विवाह अधिनियमात 1976 च्या दुरुस्तीने परित्याग हे घटस्फोटाचे कारण म्हणून आले, तेव्हा तर सलग दोन वर्षे ही अर्ज सादर करण्याच्या लगतपूर्वीची असली पाहिजेत, असे शब्दच कलमात आहेत. मसुदा लिहिणाऱ्याने क्रियापदावर सगळा भार टाकला नाही, हे त्याचे शहाणपण.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे मात्र हा प्रश्न उघडउघड व्याकरणाच्या वेषात आला. तेथील 1968 च्या कायद्याने, गंभीर गुन्ह्यासाठी शिक्षा झालेल्या मनुष्याने आंतरराज्य व्यापारातून 'हॅज बीन शिप्ड' असे शस्त्र स्वीकारण्यास मनाई केली होती. केंटकी राज्यातील अशाच एका मनुष्याने 1972 साली स्थानिक दुकानातून एक रिव्हॉल्व्हर विकत घेतले. ते तयार झाले होते मॅसॅच्युसेट्स राज्यात; नॉर्थ कॅरोलायनातील वितरकाकडून ते केंटकीतील दुकानदाराकडे आले होते आणि सुमारे महिनाभर तेथेच पडून होते. आरोपीचे म्हणणे असे, की आपली खरेदी हा निव्वळ राज्यांतर्गत व्यवहार होता. आंतरराज्य प्रवास चालू असताना आपण शस्त्र घेतलेले नाही. बॅरेट विरुद्ध संयुक्त संस्थाने या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी 1976 साली बहुमताचा निकाल लिहिला. कायदेमंडळाने पूर्ण वर्तमानकाळ वापरला आहे, आणि त्यावरून पूर्ण झालेल्या कृतीचा बोध होतो, असे त्यांनी त्यात म्हटले. प्रवास आधीच संपला असला तरी कायदा लागू होतो. दोन न्यायमूर्तींचे मत भिन्न होते. शिक्षा कायम राहिली.

या प्रकरणापुरता हा अर्थ योग्यच होता. माल पाठविणे या क्रियेला स्वतःचा शेवट आहे, आणि वाक्यात अवधी मोजलेला नाही. पण पूर्ण वर्तमानकाळ म्हणजे पूर्ण झालेली कृती, असा सरसकट नियम त्यातून काढला, तर दुसरीकडे ठेच लागते. त्याच देशातील परदेशी रहिवाशांविषयीच्या कायद्यात, किमान पाच वर्षे कायम वास्तव्याचा परवाना असलेल्या व्यक्तीला देशाबाहेर काढण्यापासून सूट मागता येते. तेथेही शब्द आहेत 'हॅज बीन', पण सोबत 'फॉर' आणि पाच वर्षांचा अवधी आहे. ज्याचा परवाना पूर्वी होता परंतु आता उरलेला नाही, अशा एका अर्जदाराचे प्रकरण 2010 साली तेथील नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयापुढे आले, तेव्हा परवाना सध्याही असणे आवश्यक आहे असे न्यायालयाने ठरविले. त्याच दोन शब्दांखाली एका ठिकाणी रिव्हॉल्व्हरचा प्रवास संपलेला होता आणि दुसऱ्या ठिकाणी मनुष्याचा रहिवास संपलेला चालणार नव्हता.

इतर भाषांकडे पाहिले, तर या रूपाचा स्वभाव कायमचा ठरलेला नसतो, हेही दिसते. फ्रेंचमध्ये अशाच घडणीचे रूप सतराव्या शतकात आजच्या दिवसातील घटनांपुरते राखून ठेवलेले होते. 1660 साली प्रसिद्ध झालेल्या पोर-रॉयाल व्याकरणात, आज सकाळच्या गोष्टीसाठी साधा भूतकाळ वापरू नये, असा दंडक दिला आहे. बोलण्याच्या फ्रेंचमध्ये आज तेच रूप कालच्या आणि शंभर वर्षांपूर्वीच्या घटनांनाही चालते. साधा भूतकाळ पुस्तकांतच उरला. दक्षिण जर्मनीतील बोलींतही तसेच घडले आहे. आपल्याकडे पाणिनीने भूतकाळाची विभागणी करताना आजचा आणि आजचा नसलेला, तसेच वक्त्याने न पाहिलेला, असे भेद केले होते. त्यांपैकी परोक्ष भूतकाळाच्या रूपाला युरोपीय पंडितांनी घडणीच्या साम्यावरून 'पर्फेक्ट' हे नाव दिले. पण वैदिक भाषेत इंग्रजी 'हॅव'शी अर्थाने जवळचे असे रूप दुसरेच आहे. नुकत्याच घडलेल्या गोष्टीसाठी तेथे लुङ् वापरतात, आणि इंग्रजी भाषांतरकार त्याचे भाषांतर सहसा पूर्ण वर्तमानकाळाने करतात.